बाजार पडला, पण हातात रोख कुठे आहे? राखीव रकमेचे साधे गणित

गेल्या महिन्यात स्टाफरूममध्ये डबा खाताना एका तरुण सहकाऱ्याने विचारले, "सर, तुम्ही नेहमी सांगता, बाजार पडला की घ्यायचं. पण माझा पगार वीस तारखेलाच संपतो. बाजार पडेल तेव्हा पैसा आणायचा कुठून?"

प्रश्न अगदी मुद्द्याचा होता. शेअर बाजाराबद्दल बोलताना आपण कोणता शेअर घ्यायचा, कोणती कंपनी हलाल आहे, कोणती नाही, यावर खूप बोलतो. ते बोललेच पाहिजे. पण रोख किती ठेवायची, कुठे ठेवायची, कधी वापरायची, हे कुणी सांगत नाही. उरलेला पैसा म्हणजे रोख, अशीच आपली समजूत असते. नियमाने चालणाऱ्या गुंतवणुकीत मात्र रोख हा उरलेला पैसा नसतो. तो त्या पद्धतीचा अर्धा भाग असतो आणि त्याला स्वतःचे नियम लागतात. हा लेख त्या नियमांबद्दल आहे.

एक जुनी पद्धत

अमेरिकेत रॉबर्ट लिचेलो नावाच्या लेखकाने १९७७ मध्ये एक पुस्तक लिहिले. शेअर बाजारात आपोआप दहा लाख डॉलर कसे कमवावेत, असे त्याचे भडक नाव. नावावर जाऊ नका. दहा लाखांचे वचन बाजूला ठेवा. आतली पद्धत मात्र साधी आणि शिकण्यासारखी आहे. तिला 'एआयएम' म्हणतात, म्हणजे 'ऑटोमॅटिक इन्व्हेस्टमेंट मॅनेजमेंट'. बाजार उद्या वर जाईल की खाली, याचा अंदाज ती करतच नाही. महिन्यातून एकदा वही उघडायची, चार आकडे मांडायचे, आणि उत्तर येईल तसे घ्यायचे, विकायचे किंवा गप्प बसायचे.

सुरुवातीला पैशाचे दोन भाग करायचे. लिचेलोचे मूळ प्रमाण निम्मे-निम्मे होते. एक लाख असतील तर ५० हजारांचे शेअर किंवा फंडाचे युनिट घ्यायचे आणि ५० हजार रोख ठेवायचे. मग वहीत एक 'नियंत्रण आकडा' लिहायचा. सुरुवातीला तो शेअरच्या किमतीइतकाच, म्हणजे ५० हजार.

दर महिन्याला काय करायचे ते बघा.

१. आज आपल्या शेअरची एकूण किंमत किती, ते लिहा.
२. नियंत्रण आकडा आणि ही किंमत यांतला फरक काढा.
३. त्या फरकातून आजच्या किमतीचे १० टक्के वजा करा. ही आपली सूट. छोट्या चढउताराला आपण हलू नये, यासाठी ती असते.
४. उरलेली रक्कम हा आदेश. किंमत नियंत्रण आकड्यापेक्षा कमी असेल तर तेवढ्याची खरेदी, जास्त असेल तर तेवढ्याची विक्री. आदेश फारच छोटा, समजा शेअरच्या किमतीच्या ५ टक्क्यांपेक्षा कमी, आला तर त्या महिन्यात काहीच करायचे नाही.

आणखी एक गोष्ट. खरेदी केली की तिच्या निम्मी रक्कम नियंत्रण आकड्यात मिळवायची. विक्री केली तर नियंत्रण आकडा आहे तसाच ठेवायचा. बस्स, एवढीच पद्धत. आठवीतल्या मुलाला जमेल इतके सोपे गणित आहे.

आता वही उघडू या

समजा एका फंडाचे युनिट १०० रुपयांना आहे. आपण ५०० युनिट घेतले, ५० हजार रोख ठेवली. पुढे भाव पडत गेला. खालचे भाव मी उदाहरणासाठी धरले आहेत. कर आणि दलाली यात धरलेली नाही.

भाव ८० झाला. आपल्या युनिटची किंमत ४०,००० झाली. फरक १०,०००, सूट ४,०००, आदेश ६,००० ची खरेदी. ७५ युनिट घेतले. रोख उरली ४४,०००. नियंत्रण आकडा झाला ५३,०००.

भाव ६० झाला. ५७५ युनिटची किंमत ३४,५००. फरक १८,५००, सूट ३,४५०. आदेश १५,०५०. २५० युनिट घेतले. रोख उरली २९,०००. नियंत्रण आकडा ६०,५००.

भाव ५० झाला. याच हिशोबाने ३०२ युनिट घेतले. रोख उरली १३,९००.

भाव ४५ झाला. २७२ युनिट घेतले. रोख उरली १,६६०.

भाव ४० झाला. वही म्हणते, सुमारे १२,६०० रुपयांचे घ्या. खिशात आहेत १,६६०.

थांबा, इथेच खरा धडा आहे. सगळ्यात स्वस्त भाव समोर आहे, पद्धत घ्यायला सांगते आहे, आणि आपल्याकडे पैसा नाही. ही पद्धत चुकीची म्हणून नव्हे. आपण रोखीला वेगळा नियम दिला नाही म्हणून.

तरीही समजा आपण घाबरलो नाही. उरलेल्या पैशातून ४१ युनिट घेतले आणि वाट पाहिली. भाव पुन्हा ७०, मग ८०, मग १०० झाला. वरच्या प्रवासात वही विक्री सांगत गेली. शेवटी आपल्याकडे ८५,६०० रुपयांचे युनिट आणि ४८,५६० रुपये रोख, म्हणजे एकूण १,३४,१६० रुपये होतात. भाव फक्त जिथून निघाला तिथे परतला. ज्याने पहिल्याच दिवशी सगळे एक लाख लावले, त्याचे लाखाचे लाखच राहिले. फरक पडला तो रोखीने. म्हणून म्हणतो, रोख म्हणजे झोपलेला पैसा नव्हे.

किती रोख पुरते?

आता खऱ्या बाजाराकडे येऊ. जानेवारी २००८ मध्ये निफ्टी ६,३५७ पर्यंत गेला होता. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या शेवटी तो २,२५३ पर्यंत खाली आला. म्हणजे साधारण ६४ ते ६५ टक्के घसरण. आपल्या उदाहरणात १०० चा भाव ३५ व्हावा, तसे. निम्मी रोख ठेवणाऱ्याचीही रोख त्या घसरणीत तळ येण्याआधीच संपते. आणि जुना उच्चांक ओलांडायला २०१३ साल संपत आले होते. जवळजवळ सहा वर्षे.

दुसरी घसरण आपल्या सगळ्यांना आठवते. जानेवारी २०२० मध्ये निफ्टी १२,४३० वर होता. २४ मार्चला, लॉकडाऊन जाहीर झाला त्या दिवशी, तो ७,५११ पर्यंत आला. सुमारे ४० टक्के घसरण. निम्मी रोख ठेवणाऱ्याला ती पुरली असती. वरच्या उदाहरणात भाव ६० असताना आपल्याकडे २९ हजार शिल्लक होते, ते बघा.

पण पुढे या पद्धतीत ६७-३३ आणि ८०-२० अशीही प्रमाणे रूढ झाली. ८० हजार शेअरमध्ये आणि २० हजार रोख ठेवली तर काय होते? भाव ८० झाला की ९,६०० ची खरेदी. रोख उरली १०,४००. भाव ६० झाला की वही २४ हजारांची खरेदी सांगते. म्हणजे २०२० सारख्या घसरणीतही हात रिकामे.

मग काय, जास्त रोख ठेवावी? तसेही नाही. जास्त रोख ठेवली तर बाजार वर जाताना आपण मागे राहतो. मार्च २०२० च्या तळापासून ऑक्टोबर २०२१ पर्यंत निफ्टी १८,६०० पर्यंत गेला, दुपटीपेक्षा जास्त. त्या काळात ज्यांचा सगळा पैसा रोख होता, ते नुसते बघत बसले. म्हणून नेमका आकडा शोधण्यापेक्षा, रोख संपू नये असा नियम करणे जास्त उपयोगी.

माझा नियम असा आहे. कोणत्याही एका महिन्यात, उरलेल्या रोखीच्या एक-तृतीयांशापेक्षा जास्त वापरायची नाही, वही काहीही म्हणो. वरचेच उदाहरण या नियमाने सोडवून बघा. भाव ४० वर येईल तेव्हाही तुमच्याकडे सुमारे १३ हजार शिल्लक असतात. वर आल्यावर फायदा थोडा कमी होतो, हे खरे. पण तळाशी हात रिकामे नसतात, आणि त्यामुळे रात्री झोपही लागते.

माझी चूक

हा नियम मी पुस्तकातून शिकलो नाही. २०२० मध्ये माझी रोख कशी संपली ते सांगतो.

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात बाजार पडायला लागला. माझी वही महिन्याच्या शेवटी उघडायची होती. पण मला वाटले, स्वस्त मिळतंय, आता नाही तर कधी? वहीने सांगितले त्याच्या तिप्पट घेतले. निफ्टी तेव्हा ११,२०० च्या आसपास होता. मला तो तळ वाटला. मग मार्च आला. लॉकडाऊन लागला, धाकट्या भावाचे दुकान बंद झाले. त्याच्या घरचा किराणा, दुकानाचे भाडे, अम्मीची औषधे, हे सगळे बघायचे होते. त्यासाठी पैसा कुठून काढला? तीच राखीव रोख, कारण घरच्या अडचणीसाठी वेगळा पैसा मी ठेवलाच नव्हता. भावाला मदत केली याचा मला जराही पस्तावा नाही. ते कर्तव्यच होते. पण ३१ मार्चला निफ्टी ८,६०० च्या खाली बंद झाला, वहीने मोठी खरेदी सांगितली, आणि माझ्या खात्यात काहीच नव्हते.

यात दोन चुका होत्या. पहिली, नियम मोडला. दुसरी त्याहून मोठी. घराचा आपत्कालीन पैसा आणि बाजाराची रोख मी एकाच भांड्यात ठेवली. लक्षात घ्या, बाजार कोसळतो आणि घरात अडचण येते, हे बहुतेक वेळा एकाच वेळी होते. मंदी आली की नोकरीही जाते आणि शेअरही पडतात. म्हणून आधी घरखर्चाचे किमान सहा महिन्यांचे पैसे वेगळे काढा. ते नसतील तर शेअरची वही उघडूच नका. कर्जाची देणी असतील तर ती आधी फेडा.

एक गोष्ट आणखी. महिन्याच्या शेवटीच बघणाऱ्याला २०२० चा ७,५११ चा तळ दिसलाच नसता. त्याला ८,६०० च्या आसपासचा आकडा दिसला असता. लोक म्हणतात, मग संधी हुकली ना! हुकू दे. रोज बघणारा माणूस रोज घाबरतो, आणि घाबरलेला माणूस नियम पाळत नाही.

रोख ठेवायची कुठे?

आता आपला खास प्रश्न. लिचेलोच्या पुस्तकात रोख मनी मार्केट फंडात ठेवून तिच्यावर व्याज मिळवायचे गृहीत आहे. आपल्याकडचे सल्लागारही लगेच सांगतात, लिक्विड फंडात टाका, एफडी करा. लिक्विड फंड आपला पैसा सरकारी ट्रेझरी बिले, बँकांची आणि कंपन्यांची अल्पमुदतीची कर्जे यांत लावतो. त्याची कमाई म्हणजे व्याजच. शेअर हलाल बघून घ्यायचे आणि निम्मा पैसा व्याजावर ठेवायचा, हे कसे चालेल?

मी काय करतो ते सांगतो. एक वेगळे बँक खाते. त्याला यूपीआय जोडलेले नाही, त्याचे एटीएम कार्ड पाकिटात नाही. चालू खाते मिळाले तर उत्तम, कारण त्यावर व्याज नसते. पण चालू खात्याला किमान शिल्लक बरीच ठेवावी लागते, सर्वांना ते परवडत नाही. बचत खाते असेल तर त्यात व्याज जमा होते. ते आपले नाही. आपल्याकडचे बहुतेक उलेमा सांगतात, की ती रक्कम वेगळी काढून सवाबाची नियत न करता गरजूंना द्यावी. मी वहीत त्याचा वेगळा रकाना ठेवला आहे. आपल्या विश्वासातल्या आलिमांना विचारून ठरवा.

रोख ब्रोकरच्या खात्यात पडून ठेवू नका. न वापरलेली रक्कम ठरावीक मुदतीने ग्राहकाच्या बँक खात्यात परत करायची, असा सेबीचा नियम आहे. शेअर विकले तर आता दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी पैसे मिळतात. आणि बँकेत एका ठेवीदाराची पाच लाखांपर्यंतची ठेव विम्याने सुरक्षित असते, हेही माहीत असू द्या.

कुणी विचारेल, रोखीऐवजी सोने ठेवले तर? सोने चांगले आहे, पण ते रोख नव्हे. त्याचाही भाव हलतो. ज्या दिवशी शेअर पडतील त्या दिवशी ५० हजारांचे ५० हजारच हातात यावेत, हे रोखीचे काम. सोने त्याची हमी देत नाही. त्याचा हिशोब वेगळा ठेवा.

जकातीचा हिशोब

शेअरवर जकात कशी काढायची यात मते वेगवेगळी आहेत. विकण्यासाठी घेतलेले आणि बरीच वर्षे ठेवण्यासाठी घेतलेले शेअर यांत फरक केला जातो. रोखीबाबत मात्र प्रश्न नाही. आपण साहिबे निसाब असाल (चांदीचा निसाब ६१२.३६ ग्रॅम), आणि चांद्र वर्ष पूर्ण झाले, तर रोखीवर अडीच टक्के जकात. ५० हजारांवर १,२५०.

जकात म्हणजे नुकसान नव्हे, ती तर गरिबांचा हक्क आहे. पण नियोजनात ती धरलीच पाहिजे. जकात याच रोखीतून काढत गेलात तर ५० हजारांचे पाच वर्षांत सुमारे ४४ हजार होतात. वर महागाईही आहेच. म्हणून दोन गोष्टी करा. जकात शक्यतो महिन्याच्या कमाईतून द्या, म्हणजे राखीव रक्कम तेवढीच राहील. आणि गरजेपेक्षा जास्त रोख साठवू नका. व्याज घेणाऱ्याला जास्तीची रोख फारशी टोचत नाही. आपल्याला टोचते, म्हणून आपला नियम त्याच्यापेक्षा कडक हवा.

रोख फार वाढली तर

बाजार दोन-तीन वर्षे चढत राहिला की वही दर थोड्या दिवसांनी विका, विका म्हणते. रोखीचा ढीग होतो. या पद्धतीच्या जुन्या वापरकर्त्यांनी यावर एक उपाय काढला आहे. रोखीला वरची मर्यादा घालायची, समजा एकूण रकमेच्या ४० टक्के. त्यापेक्षा जास्त रोख असेल आणि वहीने विक्री सांगितली, तर विकायचे नाही. आदेशाच्या निम्मी रक्कम नियंत्रण आकड्यात मिळवायची आणि वही बंद करायची. शेअर हातात राहतात, आणि पुढची घसरण आली की खरेदी थोडी लवकर सुरू होते. विक्री कमी झाली की करही कमी लागतो. सध्या वर्षाच्या आत विकलेल्या शेअरच्या नफ्यावर २० टक्के कर आहे. वर्षानंतर विकले तर सव्वा लाखावरच्या नफ्यावर साडेबारा टक्के.

कशात वापरायची?

ही पद्धत एकट्या कंपनीच्या शेअरवर लावू नका. पडेल तसे घेत जायचे, हा नियम बुडणाऱ्या कंपनीत आपली सगळी रोख ओतायला लावतो. रिलायन्स कम्युनिकेशन्सचा शेअर २००८ च्या सुरुवातीला ८०० रुपयांच्या आसपास होता. २०१९ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. जो पडेल तसा घेत गेला, त्याचे काय झाले असेल? निर्देशांकावर किंवा अनेक कंपन्यांच्या फंडावरच ही पद्धत वापरा. शरियाच्या कसोटीने निवडलेल्या कंपन्यांचे निर्देशांक एनएसईवर आहेत, निफ्टी ५० शरिया आणि निफ्टी ५०० शरिया. शरिया बीज नावाचा ईटीएफ आहे, टाटा एथिकल सारखे फंड आहेत. त्यांची चौकशी स्वतः करा.

आणि रोख संपली तर? संपली. थांबायचे. पुढच्या पगारातून जमेल तेवढी भर घालायची. ब्रोकर मार्जिनवर, म्हणजे उसन्या पैशावर, शेअर घेऊ देतो. त्यावर व्याज लागते, आणि भाव आणखी पडला की तो आपले शेअर विकून मोकळा होतो. दीन आणि दुनिया दोन्ही बाजूंनी तो तोट्याचा रस्ता आहे.

वहीच्या पहिल्या पानावर लिहा

१. घरखर्चाचे सहा महिन्यांचे पैसे आधी, वेगळ्या खात्यात.
२. बाजाराची रोख तिच्या स्वतःच्या खात्यात. लग्न, फी, मोबाईल, कशालाही ती वापरायची नाही.
३. वही महिन्यातून एकदाच, ठरलेल्या तारखेला.
४. एका महिन्यात उरलेल्या रोखीच्या एक-तृतीयांशापेक्षा जास्त नाही.
५. रोख ४० टक्क्यांच्या वर गेली तर विक्री बंद.
६. व्याजाचा रकाना वेगळा, जकातीची तारीख ठरलेली.
७. उसना पैसा कधीच नाही.

एक-तृतीयांश आणि ४० टक्के हे माझे आकडे आहेत. तुमचे वेगळे असू शकतात. पण जे ठरवाल ते बाजार शांत असताना ठरवा आणि लिहून ठेवा. बाजार कोसळतो त्या दिवशी ठरवलेला नियम हा नियम नसतो, ती भीती असते किंवा हाव असते.

त्या सहकाऱ्याला मी शेवटी एवढेच म्हणालो, "तुमचा पगार वीस तारखेला संपतो ना? मग आत्ता शेअरचा विचार सोडा. आधी महिन्याला हजार रुपये बाजूला पडतात का, ते वर्षभर बघा. बाजार कुठे जात नाही." त्याने त्याच दिवशी शाळेसमोरच्या दुकानातून एक वही आणली. पहिल्या पानावर त्याने तारीख लिहिली आणि खाली लिहिले, घर.

सुरुवात तिथूनच होते.